कीर्तनात हॉर्न (भोंगा) चिरकतो, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) कसा लावू?

प्रश्न: महालातल्या देवळात कीर्तनाचं साउंड मी पाहतो. बुवा हळू बोलले की मागच्या आज्यांना ऐकू येत नाही, 'विठ्ठला' म्हणून टाहो फोडला की हॉर्न चिरकतो. काल हॉर्नचा एक ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग) जळला. जीव हळहळला.

उत्तर: भाऊ, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१ ठेवा. थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी, साध्या बोलण्याच्या जरा वर. आवाज त्याच्या १२ डेसिबल वर गेला तरी बाहेर ३च वर येईल. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १५०. मेकअप गेन (दाबल्यावर आवाज परत वाढवणं) जपून, नाहीतर शिट्टी येते.

दुसरं उत्तर: लिमिटर (ठरल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) शेवटी, ॲम्प्लिफायरच्या आधी. त्याचा दिवा सतत पेटत असेल तर मास्टर (एकूण आवाज) खाली घ्या.

प्रश्नकर्ता: केलं. आधी कॉम्प्रेसर सगळ्या आवाजावर एकत्र लावला होता; टाळ वाजले की बुवांचाही आवाज दबत होता, म्हणून कॉम्प्रेसर फक्त त्यांच्या माइकवर ठेवला. आज मागच्या आजी अभंगावर टाळ्या धरत होत्या.