सिम बदलायची घाई नको, आधी राउटर गार करून बघा

तुम्ही विचारलंय की हॉटस्पॉट राउटर (सिम घालून वायफाय देणारी, बॅटरीवरची छोटी डबी) सकाळी नीट चालतो, दुपारी चटका बसेल इतका तापतो आणि व्हिडिओ कॉल अडकतो, तर सिम बदलावं का. हे नेटवर्कपेक्षा उष्णतेचंच लक्षण वाटतं. ठरावीक तापमान ओलांडलं की आतली चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते.

तुम्ही तो दिवसभर चार्जरला लावून ठेवताय, तिथेच खरी गोम आहे. मोडेमची, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाची उष्णता आणि चार्जिंगची उष्णता एकाच बंद डबीत कोंडते. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करूच नये. त्यात मुंबईचा ऑक्टोबर!

दुसरं, जागा. गिरगावातल्या आमच्या जुन्या इमारतीत आतल्या खोलीत सिग्नलची जेमतेम एक काडी येते. अशा वेळी टॉवर गाठायला राउटर जास्त ताकद लावतो आणि आणखी तापतो. खिडकीजवळ ठेवा, पण उन्हात नको, गादीवर तर अजिबात नको. आजूबाजूला वायफायची गर्दी असेल आणि राउटरमध्ये सोय असेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जा, नेहमीच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच मिळतात.

आणि आजच एक करा. राउटर बंद करून मागचं झाकण उघडा, बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने हलकेच फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगली आहे. ती परत बसवू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.