मालिकेतलं भूत आणि घरातलं गुपित: तुमचे अनुभव सांगा

२०१६मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा कोथरूडच्या आमच्या घरात साडेदहाच्या आत ओटा आवरलेला असायचा. घरातले कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात, मुलं-सुना कोकणातल्या वाड्यात जमतात आणि भुताहून जास्त धास्ती वाटते ती एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या भावंडांची. २०१९चं दुसरं पर्व तर मागच्या काळात गेलं. अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांचं पुढे काय होणार हे ठाऊक असूनही आम्ही रोज बघत होतो. माझ्या मते अशा मालिका भुतामुळे नाही, लपवाछपवीमुळे धरून ठेवतात. त्या बघताना तुमच्या घरातलं कुणी अचानक गप्प झालं, उठून गेलं, बोलायला लागलं, असं घडलंय का? नावं नकोत, मोकळेपणाने लिहा.

शनिवार पेठेतून

आमच्या वाड्याच्या जागी आता सोसायटी आहे. माडीवरची एक खोली कायम कुलूपबंद असे. ‘अडगळ आहे’ एवढंच आम्हा मुलांना सांगितलेलं. १९९३ला भयपटवाल्या रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ टीव्हीवर सुरू झाला. तो शेजारच्या बिऱ्हाडात बघून परतताना मी त्या खोलीकडे न बघता पळत सुटायचे.

पुढे कितीतरी वर्षांनी ‘रात्रीस’ बघता बघता आई म्हणाली, “अशाच बसायच्या गं त्या.” त्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. मनाचा आजार म्हणून सासरच्यांनी परत पाठवलेली, आणि मग मरेपर्यंत ती खोली. लग्न होऊन आल्यापासून तिचं ताट आईच वर न्यायची. वंशावळीत तिचं नावसुद्धा नाही. मला याचा राग आला, तो अजून गेलेला नाही. पडद्यावर केस मोकळे सोडलेली, पुटपुटणारी बाई भीतीसाठी वापरली की मी चॅनल बदलते. घाबरायचं तर तिला कोंडणाऱ्यांना घाबरायला हवं.

कर्वेनगर, मूळ कुडाळ

मालिकेचं चित्रीकरण सावंतवाडीजवळ आकेरीत झालं, म्हणजे आमच्याच भागात. हॉस्टेलवर मुली विचारायच्या, तुमच्याकडे खरंच असं चालतं का? करणी-भुतांवरून गावाची ओळख ठरावी याचं वाईट वाटायचं, आजही वाटतं. पण नाईकांचा गडी पांडू याचं ‘इसारलंय’ (विसरलोय) मात्र थेट आत जायचं. (पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही होते, म्हणूनच ते पात्र इतकं नेमकं असावं.) सामायिक जमिनीबद्दल विचारलं की आमचा जुना गडीही अगदी हेच म्हणायचा. त्याला सगळं ठाऊक होतं.

सिंहगड रोड

अण्णांच्या दिवसकार्याचे भाग मला बघवले नाहीत. बाबा नुकतेच गेले होते. दिव्यापाशी पीठ पसरून पाऊल कुणाचं उमटतं ते बघायची पद्धत आमच्याकडेही आहे.

एरंडवणे

मी मालिकांचं एडिटिंग करते. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटं हातात येतात आणि प्रत्येक ब्रेकआधी हूक, म्हणजे उत्सुकता ताणणारा क्षण लागतो. एकदा भूत नीट दिसलं की त्याची भीती उतरायला लागते. गुपित मात्र पुरवून पुरवून वापरता येतं. म्हणून पत्र सापडतं ते अर्धं फाटलेलं. पण दारामागून नुसतंच मांजर निघालं तर ती प्रेक्षकाची फसवणूक आहे, आणि त्यावरून मी दिग्दर्शकांशी भांडते. संगीत काढून फक्त पंख्याची घरघर ठेवून बघा, प्रसंग किती चढतो.

पर्वती

इस्टेटीवरून भावंडं भांडायला लागली की आत्या टीव्ही बंद करायला लावायची. खोदून विचारलं तेव्हा कळलं की ‘बँकेचा कागद आहे’ असं सांगून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली होती. घेणारे माझेच वडील. ते आता नाहीत. आत्या म्हणाली, “तुझ्या मनात त्याच्याबद्दल वाईट येऊ नये म्हणून बोलले नाही रे.” कागद शोधतोय, हाती काहीच नाही.

कोथरूड

पर्वतीकर, दस्त नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. आत्यांना सोबत घेऊन जा, आणि आधी वकिलांशी बोला.

बाकीच्यांनीही लिहा. रत्नाकर मतकरींच्या ‘गहिरे पाणी’ या मालिकेवर अजून कुणीच लिहिलेलं नाही. ती कोण कोण बघायचं?