ॲनेस्थेशियाच्या रेसिडेंटांचा प्रतिनिधी झालोय, एचओडींसमोर (विभागप्रमुखांसमोर) आधी काय मांडू?

जेआर_टू_सांगली
नमस्कार. सांगलीकडच्या एका हॉस्पिटलात ॲनेस्थेशियात, म्हणजे भूलशास्त्रात, एमडी करतोय, सेकंड इयर. पोरापोरींनी मिळून मला डिपार्टमेंटचा प्रतिनिधी केलंय, आता एचओडी मॅडमना भेटायचंय. नाइट करून सकाळी परत लिस्टला, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या ऑपरेशनांना, उभं राहायचं, जेवायला कुणी सोडवत नाही, ड्युटी रूमला आतनं कडी नाही, थिसिसचा सिनॉप्सिस (आराखडा) रखडलाय. सर्जरीवाल्यांना टाके घातले की निघता येतं, आम्हाला पेशंट शुद्धीवर येऊन रिकव्हरीत हँडओव्हर होईस्तोवर हलता येत नाही आणि तोवर दुसऱ्या टेबलवरनं हाक येते. एक ज्युनिअर हल्ली कुणाशी बोलतच नाही. सगळं एकदम मांडलं तर मॅडम म्हणतील आम्हीपण असंच केलं. कुठनं सुरू करू?

कृष्णाकाठ
नाइटनंतरची सुट्टी. पहिल्या भेटीत तेवढंच धर. मी मार्डचं, रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचं, काम केलंय, दहा मागण्या नेल्या की सगळ्यात सोपी तेवढी मान्य होते, कडी बसते आणि विषय संपतो. महिनाभराचं रोस्टर घे, कोण खरं किती वाजता आलं नि कधी सुटलं ते नावं न घालता लिही. केंद्राचा १९९२ चा रेसिडेन्सीचा आदेश आहे, त्यात सलग ड्युटी शक्यतो १२ तासांवर नको असं म्हटलंय. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सनं २०२४ ला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, पण ती शिफारस आहे, नियम म्हणून सांगू नको. २०२३ च्या पीजी नियमात वर्षाला २० कॅज्युअल लीव्ह मात्र आहेत, त्या किती जणांना मिळाल्या तेही लिही.

भूल_मिरज
सरांशी सहमत, फक्त मांडताना पेशंटपासून सुरू कर बाळा. पहाटेच्या सिझेरियनला पेशंटला स्पायनल (पाठीतून भूल) देणारी रेसिडेंट पोरगी सकाळी दहाला लहान मुलाच्या केसला उभी असेल तर सिरिंजवरचं लेबल वाचायला तिचे डोळे ताजे हवेत. हे कुठल्याही एचओडीला पटतं, आम्हाला पटतं. आणि नवीन रोस्टर तूच करून ने, पीएसी ओपीडीतला (ऑपरेशनआधी पेशंट तपासतात तिथला) कोण सकाळी लिस्टला येईल ते नावासकट.

त्या ज्युनिअरचं मात्र मीटिंगपर्यंत ठेवू नको. आज तिच्याशी बोल, एकटी ठेवू नका, विश्वासातल्या एका लेक्चररला सांग. आपल्या शाखेत औषधं हाताशी असतात म्हणून असं गप्प होणं मी कधीच हलकं घेत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, रात्रीसुद्धा लागतो.

कराडची_डॉक्टर
मी ब्रिटनमध्ये काही काळ होते. तिथल्या भूलतज्ज्ञांच्या असोसिएशनमध्ये ट्रेनींची वेगळी कमिटी आहे. थकव्यावर त्यांनी मोठी मोहीम केली, कारण नाइट करून गाडी चालवत घरी जाताना अपघातात डॉक्टर दगावलेत. तुमच्यातले किती जण नाइटनंतर बाईकवर तासगाव, इस्लामपूरला जातात? सुट्टी मिळेपर्यंत निदान निघण्याआधी झोपायला एक खोली मागा, कडी असलेली.

जेआर_टू_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. ज्युनिअरशी बोललो, ती आणि मी आत्ता लेक्चरर मॅडमकडेच चाललोय. रोस्टर आज रात्री लिहायला घेतो. तोंडी बोलू का अर्ज देऊ?

कृष्णाकाठ
दोन्ही. आधी भेटून बोल, मग अर्ज दे, सगळ्यांच्या सह्या घे, आणि ऑफिसातनं कॉपीवर आवक नंबर टाकून घेतल्याशिवाय बाहेर पडू नको.