सुरी स्टेनलेसचीच आहे, ताई

तुमच्या स्टेनलेसच्या सुरीवर गंजाचे डाग पडले, आणि "गंज चढला म्हणजे दुकानदाराने फसवलं" असं तुम्हाला कुणी सांगितलं, पण तसं असेलच असं नाही. डबे-पातेल्यांच्या '३०४' प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. सुरीला धार टिकायला कडक पोलाद लागतं, म्हणून तिच्यात कार्बन जास्त, क्रोमियम बहुधा १३ टक्क्यांच्या आसपास आणि निकेल जवळपास नाहीच. सुरीला लोहचुंबक चिकटतं, चांगल्या डब्याला सहसा नाही, ते त्यामुळेच.

आता डाग. खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाट लेप लावा, पंधरा-वीस मिनिटांनी मऊ घासणीने पॉलिशच्या रेघांच्या दिशेनेच घासा. नाहीच गेला तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून फक्त पातं बुडवा. लाकडी मूठ भिजवू नका, आणि रात्रभर तर मुळीच ठेवू नका. नंतर धुवून लगेच कोरडं करा.

काहीजण सुचवतात ती लोखंडी तारेची घासणी मात्र कृपा करून नको. तिचे बारीक कण पात्यावर रुततात आणि तेच पुढे गंजतात. माझ्या मते निम्मे डाग तिचेच असतात!

स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो त्यावरचा क्रोमियम ऑक्साईडचा पातळ थर; मिठातला क्लोराईड तोच फोडतो. त्यामुळे कैरी-लिंबू चिरून मीठ लागलेली सुरी सिंकमध्ये पडून राहिली की बारीक खड्डे पडतात. खड्ड्यातला गंज निघतो, खड्डा राहतोच. ब्लीचचंही तेच.