थेंब एकमेकांत मिसळतायत, काय करू?

ऐरोलीकर: मंडळी, महापेला एका लॅबमध्ये प्रोजेक्ट करतेय, पीडीएमएस (सिलिकोन रबर) चिपवरच्या बारीक चॅनलमध्ये तेलात पाण्याचे थेंब पाडायचे नि एका थेंबात एकच पेशी, पण थेंब पुढे जाऊन एकत्र होतात, कधी तर पाणी भिंतीलाच चिकटतं, फ्लो कमी केला तरी तेच.

घोडबंदरवाला: प्लाझ्मा बॉन्डिंग (प्लाझ्मा मारून चिप चिकटवणं) केलंस ना? त्याने पीडीएमएसला पाणी चिकटायला लागतं. आधी चॅनलमधून फ्लुओरोसिलेन (भिंतीला पाणी चिकटू न देणारं रसायन) फिरव. आणि तेल फ्लुओरिनेटेड (फ्लोरिनवालं) असेल तर सरफॅक्टंटही (थेंब एकत्र होऊ न देणारा साबणासारखा पदार्थ) तसलाच लागतो, ट्वीन (साधा सरफॅक्टंट) घालून काय उपयोग नाय (मीपण घातलेला 😄)

वाशीकर: पेशींचं द्रावण अजून पातळ कर, सरासरी १० थेंबांमागे १ पेशी. ९० टक्के थेंब रिकामे जातात, जीव जळतो, पण दोन पेशीवाले अर्ध्या टक्क्याच्या आत राहतात.

ऐरोलीकर: ट्वीनच घातला होता ओ 🙈