मामांना निवारा केंद्रातून ग्रुप होममध्ये हलवायचंय, कोणाला अनुभव आहे का?

सोनचाफा:
माझे मामा बरीच वर्षं दादर स्टेशनबाहेर फुटपाथवर राहिलेले, स्किझोफ्रेनिया आहे. आता गोळ्या नीट घेतात, बेघरांच्या निवारा केंद्रात राहतात. तिथल्या ताई म्हणतात ग्रुप होम बघा, चार-पाच जण साध्या वस्तीत एकत्र राहतात आणि मदतीला माणूस असतो. आमचं वन रूम किचन, आई थकलीय, घरी आणणं जमत नाही. पण तिथे टिकतील का? कोंडल्यासारखं वाटलं तर पुन्हा निघून जातील अशी धास्ती वाटते.

किनारा:
मी अशा घरात मदतनीस होते. सुरुवातीला बरेच जण पलंगावर झोपतच नाहीत, दाराशी चटई, पिशवी उशाला, आणि पोळ्या कपड्यांत लपवून ठेवलेल्या, कारण उद्या मिळेल याची खात्रीच नसते ना. आम्ही कधी टोकलं नाही. एक काका महिनाभर गप्प, मग एकदा बाजारात नेलं तर बांगड्यासाठी कोळणीशी अशी घासाघीस केली की आम्ही बघतच राहिलो, त्यानंतर रोजचं कालवण काय ते तेच ठरवायचे! घर बघायला जाल तेव्हा एवढं नक्की विचारा, मामा एक-दोन रात्री बाहेर राहिले तर जागा जाईल का? जाणार असेल तर दुसरं घर बघा. आणि आत-बाहेर जायची मोकळीक हवीच.

पायवाट:
2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 19 वाचा. घरचे नेत नाहीत किंवा बेघर आहे एवढ्याच कारणानं कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, ग्रुप होम, हाफवे होम (हॉस्पिटल आणि घर यांच्या मधला मुक्काम) यांची सोय सरकारनं करायची आहे. प्रत्यक्षात अशी घरं फारच कमी आहेत, हे संतापजनक आहे. चेन्नईच्या द बॅनियन संस्थेचं होम अगेन हे काम याच पद्धतीचं, रत्नागिरीतही काम आहे त्यांचं, तिथे विचारून बघा. कागदपत्रं आत्ताच जमवायला घ्या, आधार आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र.

सोनचाफा:
युडीआयडी मानसिक आजाराला पण मिळतं??

पायवाट:
हो, 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे ना. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरा, मग सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणीला बोलावतात. जुने केसपेपर सोबत न्या.

किनारा:
आणि घर बघायला मामांनाच घेऊन जा, आधी ठरवून मग सांगू नका.