किडनी निकामी झालेलं मांजर: घरी सलाईन देताना गळतं

प्रश्न: मांजर १६ वर्षांचं आहे. डॉक्टरांनी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला सांगितलंय. ते झटकतं, सलाईन बाहेर गळतं. काय चुकतंय? आणि आता थांबावं, हे ओळखायचं कसं?

उत्तर १: बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा, गार सलाईननेही मांजरं झटकतात. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचला, सुई पाठीला समांतर सरकवा. लगेच गळलं तर सुई आरपार गेलीय. सुई १८ किंवा २० गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप), दरवेळी नवी. बोथट सुई दुखते. काढल्यावर मिनिटभर दाबून धरा. कातडीखाली सलाईनचा फुगवटा पुढच्या पायाकडे उतरतो, ते चालतं. मात्र आधीचा जिरला नसेल तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना विचारा. गाढ झोपेतही श्वास मिनिटाला ३० च्या वर राहिला तर फुप्फुसांत किंवा छातीत पाणी साठत असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

उत्तर २: दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल अजिबात नको, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. सिरिंजने बळजबरीने भरवूही नका. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, शिवाय मळमळत असताना भरवलेल्या अन्नाची शिसारी बसू शकते. आधी मळमळीचं औषध मागा.

उत्तर ३: थांबण्याबद्दल: पशुवैद्य अ‍ॅलिस विलालोबॉस यांची गुणपट्टी वापरा. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त का, या प्रत्येकाला ० ते १० गुण, १० म्हणजे सगळ्यात चांगलं (वेदनेतही). बेरीज ३५ च्या वर असेल तर काळजी चालू ठेवायला हरकत नाही. पण श्वासाला धाप असेल तर बेरीज बघत बसू नका. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत. एकटा माणूस नकळत वाढवून देतो.